पिकअपच्या पोटाखालून

ती. स्व. दाजी,

कमरेतून वाकण्याची सोय गेले आठ दिवस उरलेली नाही, तेव्हा साष्टांग नमस्कार उभ्यानेच घालतो आहे. आठांपैकी जी अंगं सध्या चालू आहेत तेवढ्यांचा स्वीकार व्हावा. ताईचा गुडघा कसा आहे? तुमचा रक्तदाब तुम्ही तिला खरा सांगता का? (मी विचारलं हे तिला कळू देऊ नका, दोघांनाही ऐकून घ्यावं लागेल.) इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे सौ. बरी आहे, बारकी फारच बरी आहे, आणि मी पिकअपखाली आहे.

बारकीच्या नोकरीचं ताईने सांगितलं असेलच. सहा महिने डोंगरात हिंडून खडकांचे नमुने गोळा करायचे. सोबतीला ती जुनी फोर-बाय-फोर पिकअप, एक हातोडा आणि दुसरं कोणी नाही. येत्या सोमवारी निघते. मी घरात जाहीर केलं आहे की मला मुलीची काळजी नाही, ती समर्थ आहे. मला काळजी आहे ती गाडीच्या पोटाची. ही काळजी लावून दिली आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी. त्यांनी सहज म्हणून सांगितलं, की एका गाडीचा चेंबर दगडावर आपटून फुटला, सगळं ऑइल गळून गेलं, इंजिन जागच्या जागी जाम झालं आणि चालवणारा दोन दिवस पायी चालला. मी विचारलं, मग? ते म्हणाले, "मग काय, पोचला." हे "पोचला" त्यांनी ज्या सुरात उच्चारलं, तो सूर गेला महिनाभर माझ्या कानातून जात नाही.

तर मी अभ्यासाला बसलो. आम्हा संस्कृतवाल्यांच्या शास्त्रात आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, पुरता मांडावा लागतो, मग त्याचं खंडन. इथे पूर्वपक्षच चार निघाले. गाडीच्या पोटाखाली जाडजूड पत्र्याचं कवच बसवतात, त्याला स्किड प्लेट म्हणतात, इथपर्यंत सर्वांचं एकमत. पुढे मात्र जितकी तोंडं तितकी भाष्यं. एक पंथ म्हणतो ॲल्युमिनियम घ्या, हलकं असतं; दुसरा म्हणतो ॲल्युमिनियम दगडाला चिकटतं, पोलादच घ्या, ते सरळ घसरत पुढे जातं; तिसरा म्हणतो पोलादाच्या वजनाने गाडीच इतकी खाली बसेल की लागले नसते तेही दगड लागतील. चौथा पंथ म्हणजे आमचे मिस्त्री. त्यांचं म्हणणं, "सर, काही लावू नका. नीट चालवायला सांगा." (हा मोक्षमार्ग झाला. उपदेशाला सोपा, आणि आचरणाला माझी मुलगी.)

त्यात क्रॉसमेंबरचा अध्याय निराळाच. तुम्ही उभा जन्म लोखंडात काढलात, तुम्हाला काय सांगायचं. पण ताई हे पत्र वाचणार, म्हणून सांगतो. गाडीच्या चौकटीचे दोन लांब दांडे असतात, त्यांना जोडणारा आणि गिअरबॉक्स तोलून धरणारा जो आडवा दांडा, तो क्रॉसमेंबर. कंपनीने दिलेला नेमका सगळ्यात खाली लोंबतो, जणू दगडांच्या स्वागतालाच उभा आहे. बाजारात दुसरे मिळतात, वर घेतलेले, खालून सपाट. सुट्या भागांच्या दुकानात मी तीन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी मालकांनी मला न विचारता खुर्ची दिली आणि चौथ्या प्रश्नानंतर काढून घेतली. जाताना म्हणाले, "सर, तुम्ही हे चालवणार का परीक्षा घेणार?" पण अखेर सिद्धान्त ठरला: क्रॉसमेंबर तयार मिळतो तो, आणि प्लेट सहा मिलिमीटर पोलादाची, मापावरून कापून. बारकीचं मत होतं की चेंबरपुरती लहानशी प्लेट पुरे. मी म्हटलं, अव्याप्ती; झाकायला हवं ते निम्मं उघडंच राहतं. ती म्हणाली, "बाबा, गाडी आहे ती, रणगाडा नाही."

माप घ्यायला दुकानाचा माणूस येणार होता. इथेच माझं चुकलं. तीस वर्षं मी वर्गात सांगत आलो की दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबू नका, मूळ संहिता स्वतः उघडून बघा. तेव्हा संहितेखाली मीच शिरलो. पहिल्या दिवशी पुढच्या बाजूने, डोकं आधी, पाठीवर सरकत आत गेलो आणि क्रॉसमेंबरची मापं घेतली. ती चोख निघाली. क्रॉसमेंबर असा बसला की मिस्त्रींनी एकदा वाकून पाहिलं आणि ते सरळ पुढच्या गाडीकडे वळले. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. दुसऱ्या दिवशी बारकीने गाडी भिंतीला नाक लावून उभी केली होती. मग मी मागच्या बाजूने शिरलो, तसाच, डोकं आधी, आणि प्लेटची मापं घेऊन सुवाच्य अक्षरात आकृती काढली. त्यात ऑइल सोडायच्या नटासाठी एक भोक, बरोब्बर मापाचं, "उजवीकडे" असं लिहून.

दाजी, आता तुम्ही डोळे मिटा आणि त्या गाडीखाली मागून सरका. उताणे आहात, डोकं इंजिनाकडे, पाय मागे. आता सांगा, तुमचा उजवा हात गाडीच्या कुठल्या बाजूला आला? डाव्या. मला हे कळलं ते प्लेट कापून, रंग देऊन, आठ बोल्टांनी आवळून झाल्यावर. भोकातून वर पाहिलं तर काळोख आणि एक निरुपयोगी पाइप. आणि नट पलीकडे, सहा मिलिमीटर पोलादाच्या आड, अंतःपुरात. जो गृहस्थ नाटक शिकवताना दरवर्षी पहिल्याच तासाला बजावतो की नटाचं उजवं म्हणजे प्रेक्षकाचं डावं, त्याच्या हातून हे झालं. मिस्त्री म्हणाले, "प्लेट दणकट आहे, सर." सांत्वन करताना माणूस जे खरं असेल तेवढंच शोधून बोलतो, तसं.

म्हणजे आता ऑइल बदलायचं तर दर खेपेला आख्खी प्लेट उतरवायची. एकट्याचं काम नाही ते. एकाने बोल्ट सोडायचे, दुसऱ्याने टोक धरायचं. धुळीत चालणारी गाडी, दोन महिन्यांनी ऑइल बदलावंच लागणार, आणि ही तिथे एकटी. म्हणून विनंती, की शनिवारपर्यंत तुमचं मोठं ड्रिल आणि भोक कापायचं ते दातेरी चक्र घेऊन या आणि योग्य जागी भोक पाडून द्या. माप तुम्हीच घ्या. मी चहा करतो.

ताईस नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता. क. पत्र घडी करता करता पुन्हा वाचलं. ड्रिल आणू नका. दोन महिन्यांनी ऑइल, दोन माणसांशिवाय प्लेट निघत नाही, आणि दुसरा माणूस इथे आहे. म्हणजे भोक नसेल तर तिला दर दोन महिन्यांनी घरी यावं लागेल. यात माझा काही हेतू नाही, वाक्याचा अन्वय लावल्यावर हा अर्थ आपोआप निघतो. तुम्ही मात्र या, आणि ती विचारेलच, तेव्हा गंभीर चेहऱ्याने सांगा की सहा मिलिमीटर पोलादाला ड्रिल चालत नाही.

ता. ता. क. पाकीट आणायला उठलो तेवढ्यात बारकीने पत्र वाचलं. म्हणाली, काकांना (म्हणजे तुम्हाला) खोटं बोलायला लावू नका, त्यांना जमत नाही. आकृतीत डावं-उजवं उलटं झालंय हे तिला मी ती काढली त्याच दिवशी दिसलं होतं. मग बोलली का नाहीस, म्हटलं. तर म्हणे, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंय." दोन महिन्यांनी येते म्हणाली. तोवर कंबर नीट करून ठेवा, टोक जड आहे, असंही.