डबी काहून फेकली

तुमसर
बुधवार, ता. ४ डिसेंबर २०२४

बायजे,

तुले आन् घरच्या समद्यायले जय भीम. इकडं आमी सारे बरे हाव. माहा अश्वजित ड्युटीवर गेला, सून शाळेत शिकवाले गेली, नात रीना आंघोळीले गेली ते अजून निंगाची हाय, आन् मी दारात उन्हात बसून लिवून राहिली. तुहा गुडघा कसा हाय? धान चुरून झालं का?

तू फोनवर येत नाहीस. तुहा जागेश्वर फोन उचलते आन् म्हनते, "माय झोपली." दिवसा अकरा वाजता! माह्या जावेले मी पंचेचाळीस वर्सांपासून वळखतो, तू दिवसा झोपनारी नाहीस. मी तुही गुडाखूची डबी नालीत फेकली म्हनून तू रागावली. बरोबर हाय. काहून फेकली तेच सांगाले हे पत्र. पन मले एकदम सांगता येत नाही, आधी दाताचं आयक. अक्षर मोठं काढलं हाय. एकटीनं वाच, सुनेकडून वाचून घेऊ नको.

माहे खालचे चार दात तुले मालूमच हायेत. दोन गेले होते, दोन हालून राह्यले होते. रीना म्हने, "आजी, कवळी नको, आता हाडात पक्के बसवतात." मी म्हनलं, माह्या हाडात खिळा ठोकता का वं? तं खरंच तसंच निंगालं!

पहिल्या दिवशी काहीच करत नाहीत. एक मशीन डोक्याभोवती फिरते, फोटो काढते. साखरेसाठी रगत घेतात. डॉक्टरीनबाई रीनापेक्षा जराशी मोठी असन, पन नजर सासूवानी. इचारलं, "आजी, दाताले काय घासता?" मी म्हनलं, मंजन. तं रीना मंधात, "खोटं नको बोलू आजी. तंबाखूचा गुडाखू घासते मॅडम, कडेवर पोर असल्यावानी डबी कमरेले." असी फजिती केली.

मंग बाईनं माहे ओठ उलटून पाह्यले, गाल ताणून पाह्यले, जीभ धरून पाह्यली. म्हने, गुडाखूवाल्यायचं मी दाताआधी हे पाहतो. आत पांढरा चट्टा असन तं दात मांगं राहतात. माहं तोंड साफ निंगालं. पन म्हने गुडाखू सुटल्याबिगर मी हात लावनार नाही, हाड स्क्रूले धरत नाही. दोन महिने लागले सोडाले. डोकं फुटाचं, सुनेसंग भांडाची. मालक गेले तवाही एवढी रडली नसन, जेवढी त्या डबीसाठी रडली. हासू नको.

स्क्रू बसवले ते धानाच्या रोवण्याच्या दिवसात. सुई टोचली, आन् अर्धं तोंड माहं नाहीसं झालं. दुखत नाही बरं, पन आवाज येते, राइस मिल डोक्यात सुरू केल्यावानी. हालनारे दोन दात उपटले, दोन स्क्रू, वरून टाके. तीन दिवस गाल फुगला, बरफ लावला, पेज पेली, आंबील पेली. मंग चार महिने नुसतं थांबाचं. मी म्हनलं, एवढे दिवस काहून? म्हने, आजी, हाडानं त्याले धरलं पाह्यजे. मले लगेच समजलं. धानाचा पऱ्हा रोवल्यावर आपन उपटून पाहतो का, मूळ धरलं का म्हनून? रीनाले सांगून ठेवलं हाय, मी मेल्यावर राखेत दोन स्क्रू भेटतीन, घाबरू नका, मोठे मजबूत हायेत.

दिवाळीनंतर त्या स्क्रूवर चार दात लागले. बायजे, काय सांगू! आरशात पाह्यलं तं लग्नातली विमल. जिभेले चार दिवस कोनी पाव्हना आल्यावानी वाटे, आता घरचेच झाले. बाईनं कडक खाऊ नको म्हनलं हाय, तरी मी फुटाने खाल्ले. एक-एक. खुडुक. त्या आवाजासाठीच खाल्ले.

आन् फुटाने खाता खाता आपल्या दोघीची ते तलावाची पार आठवली. सासू उठाच्या आधी आपन घागरी घेऊन जावो. घागरी भराले किती वेळ लागते? पन आपन पारीवर बसो, बोटावर गुडाखू घेवो, आन् घासता घासता साऱ्या सिहोरा गावाची चाळनी करो. कोनाच्या सुनेनं काय केलं, कोनाचा नवरा कसा घोरते. तू सासूची नक्कल कराची, मी हासून हासून तोंडातलं पानी पदरावर सांडवाची. दिवसभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत कंबर वाकून काम, घरी आल्यावर चूल. तेवढाच वखत आपला होता. मले आजही सकाळी उठल्यावर बोट वळवळते. गुडाखूसाठी नाही वं. तुह्यासाठी.

मंग त्या इतवारी मी सिहोऱ्याले आली, तुले दात दाखवाले. अंगनात पाय ठेवला आन् तू सुरू झाली, "आली वं आली, तुमसरची हिरोईन आली! मोठीबाई, हास बरं एकडाव, फोटो काढतो!" साऱ्या बायका जमल्या. आन् तू म्हनाली, "मले काय दाखवतेस, हे पाह माहे, बिनपैशाचे!" आन् खालचा ओठ बोटानं धरून वढला.

मी दात नाही पाह्यले, बायजे. आत पांढरं दिसलं. नखाएवढं, भाताची खरवड चिकटल्यावानी. जेवताना तुले म्हनलं, ठेचा काहून घेत नाहीस? तं तू म्हने, "आजकाल झोंबते, तोंड जळते." जिनं मिरची मिठासंग कच्ची खाल्ली, तिले ठेचा झोंबते.

जेवन झाल्यावर तू डबी काढली आन् मी हिसकून नालीत फेकली. तू साऱ्यायसमोर वरडली, "दात लावले तं राणी झाली का? फेकनारी तू कोन?" मी उठून मोटरीत येऊन बसली.

परवा मी डॉक्टरीनबाईले इचारलं. तुहं नाव नाही सांगतलं, असं असं दिसलं, तिखट झोंबते म्हनलं. तिनं पेन खाली ठेवला. म्हने, "आजी, कोन हाय ते? घेऊन या. कधी कधी नुसता डागच असते. कधी दुसरं असते. तुकडा तपासल्याबिगर सांगता येत नाही. लवकर आलं तं इलाज होते." लवकर, असं दोनदा म्हनाली.

आता जे सांगाचं ते सांगतो. तू लग्न होऊन आली तवा सोळा वर्सांची. पहिला रोवणा. तुही दाढ ठनकत होती, तू चिखलात उभी राहून रडत होती. मी डबी काढली, तुह्या बोटावर लावली आन् म्हनलं, घास, दुखनं पळते. तुले चक्कर आली, तू पऱ्ह्यात पडली, वकली. साऱ्या हासल्या. मीच जास्त हासली. तुह्या मायनं पाठवलं तवा तू तंबाखूचा वासही घेत नव्हती.

तुले दोन गोष्टी मी शिकवल्या. साक्षरतेच्या वर्गात तुहा हात धरून 'ब' गिरवला, ते समद्यायले सांगत फिरतो. दुसरी कोनालेच सांगतली नाही. माहं तोंड साफ निंगालं, त्या दिवसी मले खुशी झाली होती. आता त्या खुशीची लाज वाटते.

मंगळवारी, १० तारखेले, सकाळी अकराले डॉक्टरीनबाईकडं तुहं नाव लिवून आली हाव. मोठं काही नाही, ओठ उलटून पाहतीन, वाटलं तं जराशी सुई देऊन तुकडा घेतीन. मुंगी चावल्यावानी, तेवढंच. मी बाजूले बसीन. काही नसन तं जेवून जाशीन. काही असन तं तू माह्याजवळ राहशीन, अश्वजितसंग बोलून ठेवलं हाय. नागपूरले जा लागलं तरी मी संग येईन.

हे पत्र रीना हातात आनून देईन. तिले उत्तर देऊ नको, नाही म्हनाची तुही सवय हाय. साडेआठच्या मोटरीत बस. रागावून ये, बोलू नको, तोंड फिरवून बस, चालते. पन ये. मी तुमसरच्या स्टँडवर उभी राहीन. तू उतरली नाहीस तं त्याच मोटरीनं सिहोऱ्याले येईन आन् साऱ्या मोहल्ल्यासमोर तुह्या पाया पडीन. थोरली धाकटीच्या पाया पडली, हे तुले पाहवन का?

खाली मोठीबाई नाही लिवत.

तुही,
विमल