गाडीचं काय ठरलं

प्रिय ठमे,

काल संध्याकाळी सुखरूप परत आलो. फोन उघडला तर तुझे मेसेज, आणि सगळ्यांत एकच प्रश्न: गाडीचं काय ठरलं? रविवारी आपली गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना गाडी चालवायला साफ मनाई केली आहे आणि बाबा मात्र किल्ली उशाखाली घेऊन झोपतात, हे सगळं माहीत आहे मला. त्यांचं मन वळावं म्हणूनच तू आम्हाला या सहलीला पिटाळलंस, तेही कळलं. पण उत्तर मेसेजात मावणारं नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. जरा दम धर.

तू ठरवून दिलेल्या गाडीची ड्रायव्हर बाई आहे, हे मुद्दामच सांगितलं नव्हतंस ना? लबाड कुठली. तुझ्याच वयाची, दोन पोरांची आई. बाबांचा चेहरा बघायला हवा होतास. जन्मभर टुरिस्ट बस चालवलेला माणूस, आणि आता बायकोशेजारी मागच्या सीटवर! पहिल्या दिवशी दिवसभर ते पायाने नसलेला ब्रेक दाबत होते, आणि वळण आलं की माझा गुडघा घट्ट धरत होते. ती आपली आरशातून बघायची आणि गालातल्या गालात हसायची. दुसऱ्या दिवशी घाट उतरून झाल्यावर बाबा हळूच म्हणाले की पोरीचा हात छान बसलाय. दुसऱ्याच्या ड्रायव्हिंगचं कौतुक, तेही बाबांच्या तोंडून! मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप तर नाही ना म्हणून.

देवळांच्या त्या जुन्या शहरात शिरलो तशी बाबांची कळी खुलली. बस कुठे वळते, कुठल्या झाडाखाली दुपारी सावली असते, हातपाय धुवायला नळ कुठे आहे, सगळं पाठ. आणि देऊळ? ते आतून एकदाही बघितलेलं नाही. लोक दर्शनाला जायचे, हे बसपाशी थांबायचे. मी म्हटलं, आज चला. मी तरी कसली भाविक, आयुष्य शिवणकामात गेलेलं. देव राहिला बाजूला, मी खांबांवरच्या दगडी बायकांच्या निऱ्या बघत बसले. एकीच्या पदराची चुणी अशी सुबक होती की मला कापडातही तशी जमत नाही. बाबा हसून म्हणाले, आता हिच्याकडूनही शिवणाची ऑर्डर घेऊ नकोस.

मग गाभाऱ्यापाशी गेलो. बाहेर लख्ख ऊन, आत फक्त समईचा उजेड. सगळे हात जोडून बघत होते. बाबांनी एकदम माझं मनगट पकडलं आणि कानाशी म्हणाले, "मला काहीच दिसत नाहीये गं."

इतके महिने ‘मला काही झालेलं नाही’ हेच ऐकत होते मी. मागून लोक ढकलत होते, पण मी हलले नाही. मूर्ती कशी आहे, डोळे कसे आहेत, हार कुठल्या फुलांचा आहे, सगळं त्यांना सांगत राहिले. ते लहान मुलासारखे मान डोलावत होते.

तिथून समुद्र तासाभरावर. तिथे भरपूर उजेड, त्यामुळे स्वारी पुन्हा खुशीत. पँट दुमडून पाण्यात उतरले, तर लाटेने एक चप्पल पळवली. दुसरी त्यांनी स्वतःच भिरकावली, म्हणाले, असू दे, जोडी फुटायला नको. मग वाळूत माझ्याशेजारी बसले आणि खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. सहलीलाही बरोबर आणली होती बघ! देऊन टाक त्या गिऱ्हाईकाला, म्हणाले. मी किल्लीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "मला शिकवा."

आधी खो खो हसले. मी हसत नाही म्हटल्यावर थांबले.

लॉजमागे मोकळं मैदान होतं. आपल्या ड्रायव्हरबाईंनी देवाचं नाव घेऊन गाडी माझ्या ताब्यात दिली आणि स्वतः लांब उभ्या राहिल्या. बाबा शेजारी, डोळे मिटून. इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचे, आता गिअर बदल, आता सोड, मशीनवर ठेवतेस तसा पाय हलका ठेव. चुकले की ओरडायचे. काय सांगू, किती दिवसांनी असे ओरडले गं! फार बरं वाटलं.

तर गाडीचं हे ठरलं: विकायची नाही. गिऱ्हाईकाला आजच नाही म्हणून सांग. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आले आहे. वेडेपणा वाटत असेल, वाटू दे. डॉक्टरांनी तुला सांगितलं नाही ते मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आहे ती नजर किती टिकेल याचा भरवसा नाही. ती आहे तोवर मला बाबांना घेऊन खूप हिंडायचंय, उजेडात, समुद्रकाठाने. रविवारी तू मात्र ये. मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसलीस तरी चालेल.

तुझीच, या वयात हाताबाहेर गेलेली,
आई