पॅकीच्या दारची मोरी

प्रिय डर्व्हला,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मी बोलायला लागलो की भाषण होतं, असं तूच म्हणतेस ना?

मंगळवारी सकाळी नेहमीसारखी रेडिओवर आपल्या भागातल्या मृतांची नावं ऐकली आणि पॅकी मॅगव्हर्नच्या घरी गेलो. छत्तीस वर्षं खासदार आहे, मतदारसंघातलं एक मरण चुकवलं नाही. तुझे बक्षीस समारंभ चुकवले, तुझ्या आईचे वाढदिवस चुकवले. ती म्हणायची, "मी मेल्यावर तरी वेळेवर येशील ना, मॅलकी?" आलो होतो गं. सगळ्यांच्या आधी आलो होतो.

पुढच्या खोलीत पॅकी शवपेटीत, कोट-टाय घालून. मी घरच्यांच्या रांगेतून एकेकाचा हात हातात घेत त्याच्या बायकोपाशी, अट्रॅक्टापाशी पोचलो आणि म्हणालो, "पॅकीला सांग, दारासमोरच्या मोरीचं काम मंजूर झालंय." मागून कोणीतरी ओरडलं, "बघा, मेलेल्याचंही मत सोडत नाही हा!" सगळे हसले, मीही हसलो. अट्रॅक्टा हसली नाही. माझा हात तसाच धरून म्हणाली, "सांगते हं, मॅलकी."

ही नुसती जिभेची सवय, की दुसरं काही? हे वाक्य मी हजारदा बोललोय. पण खरं सांगू? त्या क्षणी पॅकी गेलाय हे मला ठाऊकच नव्हतं. पेटी डोळ्यांसमोर होती, तरी. चहाचा कप हातात आल्यावर उमगलं.

पक्षाचा सेक्रेटरी फिंटन म्हणतो, "साहेब, किस्सा गावभर झालाय, पाचशे मतं वाढली. अजून एकदा उभे राहाच." ऐकून बरं वाटलं, त्याचीच लाज वाटते. सकाळी ठरवतो, आता बस्स. दुपारी कुणी रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन येतो, मी वही काढतो, आणि सकाळी काय ठरवलं होतं ते काही केल्या आठवत नाही.

सोबतच्या बंद पाकिटात, मी उभा राहणार नाही, असं सहीनिशी लिहिलंय. आज डोकं ताळ्यावर आहे म्हणून लिहून टाकलं. उमेदवार ठरवायची सभा वीस तारखेला आहे. त्याआधी मी तुला फोन करून सांगेन की मी उभा राहतोय. तुला पटवूनही देईन, ते मला छान जमतं. माझं ऐकू नकोस, पोरी. पाकीट फिंटनच्या हातात दे, आणि मी कितीही चिडलो तरी चार दिवस घरी राहायला ये.

तुझाच,
डॅडी