पलीकडच्या काठावरची लेक

निंगथौखोंग,
३ मार्च १९८६

ती. सौ. इचेस,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण शेवटपर्यंत वाच. तुझ्या भावजयीचे, मेमचाचे गुडघे तसेच दुखतात. मी जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होतो त्याचा तिला काडीचा उपयोग झाला नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मुलं गुवाहाटीत मजेत असावीत, कारण पत्र नाही.

आता मूळ दुखणं. दादा गेला, त्याला सगळ्या मुलीच, म्हणून घराण्याचा पिबा, देवाधर्माचा कर्ता, मी झालो. माझ्या डोक्याला फेटा बांधला तेव्हा तू म्हणाली होतीस, की कुंजो, आता तरी ताठ बस. मी ताठ बसलो. पण गेल्या वर्षी माझ्या हातची पहिली पूजा कशी झाली ते तुला लोकांनी तिखटमीठ लावून कळवलं असेल. मी मरळांची जोडी तळ्यात सोडली. एक मासा तिथंच शेवाळात शिरला, दुसरा गर्रकन वळला आणि माझ्या धोतरात येऊन लपला. आपलं सगळं चाबुंगबाम घराणं बघत होतं. घराण्याची वर्षाची पीडा घेऊन माशांनी पलीकडच्या काठाला जायचं, आणि ते परत आले म्हणजे पीडा घेऊन परत आले. तेव्हापासून कोणाची गाय आटली, कोणाचा दात पडला, की माझं नाव निघतं. याइमाच्या ट्रकचं चाक निखळलं तेही माझ्यामुळे.

आपला हा चुलतभाऊ इम्फाळला ठेकेदारी करतो हे बरं होतं, तोवर तो लांब होता. आता त्याने बंगल्यात गुलाबी फरशांचं देवघर बांधलंय. वर पंखा आहे. कुळपुरुषाला पंखा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला उकडतं म्हणून. घराण्याची बैठक झाली आणि ठरलं, की मे महिन्यातल्या पूजेतही मासे परतले तर आपला आपोक्पा, आपला कुळपुरुष, या घरातून उठून इम्फाळला जाणार. पिबा मीच राहायचं म्हणे, फक्त देव त्याच्याकडे.

बाबांनी सोडलेले मासे सरळ पलीकडे जात. दादाचेही जात. बाबांच्या वेळी मी लहान, मला काही आठवत नाही, आणि दादाच्या वेळी मी नीट बघितलं नाही. तू बाबांच्या मागे मागे असायचीस. ते काय करत होते तेवढं सांग.

कळावे. माझा वेंधळेपणा जुना आहे, तुझी मायाही जुनीच राहू दे.

तुझा,
कुंजो


जिरीबाम,
१४ मार्च १९८६

चि. कुंजो यास,
थंबालसनाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ह्यांना वाचून दाखवलं नाही, कारण धोतराच्या मजकुरावर हे आठवडाभर हसले असते.

पहिली गोष्ट, मला हे विचारायचंच नव्हतंस. ज्या दिवशी मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी चाबुंगबामांच्या देवाशी माझा संबंध संपला. मी हेमामांची आहे आणि आमचा इथला कुळपुरुष मोठा मानी आहे. थोरल्या जाऊबाईंनी एकदा पूजेच्या दिवशी माहेरच्या देवाचं कौतुक केलं, तर त्यांचा घसा महिनाभर बसला. घरातल्या सगळ्यांना ते फार आवडलं, तो भाग वेगळा. तेव्हा मी तुला काहीही सांगणार नाही.

दुसरी गोष्ट, सांगते. बाबा काहीच करत नव्हते. पूजेच्या पंधरा दिवस आधी मासे घरी आणायचे आणि आपल्या तळ्याच्या पाण्याने भरलेल्या रांजणात ठेवायचे, एवढंच. ते सांभाळायचं काम माझ्याकडे असे. मी दिवसातून दहा वेळा जाऊन त्यांना मुरमुरे घालायची, त्यांच्याशी बोलायची, आईच्या तक्रारी सांगायची. पूजेच्या दिवशी बाबा मला तळ्याच्या पलीकडे पाठवायचे आणि म्हणायचे, ‘तू नुसती उभी राहा आणि हात पुढे कर.’ मी मूठ पाण्यावर धरून उभी राहायची. मासे यायचे.

तुझं पत्र हातात घेऊन आज चुलीपाशी बसले होते आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. अरे, ते माझ्याकडे येत होते. मुरमुऱ्यांना सोकावले होते बिचारे. माझ्यामागून दादाच्या मुली तिथं उभ्या राहत आल्या, आणि शेवटचीचं लग्न दादा गेला त्याच वर्षी झालं. तुझ्या पूजेला पलीकडे होतं कोण? कोणी नाही. मग मासा ओळखीचं माणूस म्हणून तुझ्याकडेच येणार.

तेव्हा घराण्यातली एखादी मुलगी शोध आणि कामाला लाव. मेमचाला म्हणावं गुडघ्यांना मोहरीचं तेल लाव, कंपाउंडरचं ऐकू नकोस.

पत्र फाडून टाक आणि आमच्या कुळपुरुषाला सांगू नकोस. बाकी लोभ आहे तो आहेच.

तुझी,
इचे


निंगथौखोंग,
२४ मार्च १९८६

ती. सौ. इचेस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला घाम फुटला. म्हणजे इतकी वर्षं आपण देवाला फसवत होतो? मी दवाखान्यात कधी औषधात जास्त पाणी घातलं नाही, आणि कुळपुरुषापुढे असली लबाडी करू? ते मला जमणार नाही. मेमचा म्हणाली, की बाबांना जमलं ते तुम्हाला जमत नाही यात नवीन काय.

शिवाय मुलगी आणू कुठून? मला दोन्ही मुलगे. बिनलग्नाच्या मुली आहेत त्या याइमाच्या नाती, आणि त्या मासा दिसला की किंचाळतात. मागे एकीला मरळ हातात धर म्हटलं तर तिने रुमाल मागितला.

पण काल याइमा टेप घेऊन आला आणि आपल्या देवाच्या कोपऱ्याचं माप घेऊन गेला. तिथं जितकी जागा आहे तितकी तिकडेही आहे की नाही ते बघायचं होतं त्याला. तो गेल्यावर मेमचा त्या कोपऱ्यापुढे बसून रडली. मी इतक्या वर्षांत तिला गुडघ्यांखेरीज कशासाठी रडताना पाहिलं नव्हतं. इचे, खरं सांगू, मलाही भडभडून आलं. आई तिथं दिवा लावायची, दादा तिथं वाकायचा. तो कोपरा रिकामा झाला तर मी या घरात राहून काय करू?

तरी लबाडी ती लबाडी. मी करणार नाही.

पंधरा दिवस पुरतात का गं माशांना ओळख व्हायला?

कळावे. रागावलीस तरी पत्र धाड, तेवढ्यावर मी समाधान मानीन.

तुझा,
कुंजो


जिरीबाम,
५ एप्रिल १९८६

चि. कुंजो यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ सोडून बाकी सगळं मी वाचलं नाही असं समज.

टेप घेऊन आला? त्या याइमाला लहानपणी मी तळ्यात ढकलला होता, तेव्हा कोणी हात दिला नसता तर बरं झालं असतं. कुंजो, माझा त्या देवावर हक्क नाही हे मला ठाऊक आहे. पूजेच्या जागी मी पाऊल टाकू शकत नाही, प्रसादाचा घास घेऊ शकत नाही. पण तो त्या घरात आहे तोवर ते माझं माहेर आहे. तो गुलाबी फरशीवर पंख्याखाली जाऊन बसला तर उरेल ते तुझं घर, आणि मेमचाचे गुडघे.

आता नीट ऐक. तळ्याचा अलीकडचा काठ चाबुंगबामांचा. पलीकडचा पिशकच्या सासऱ्यांनी केव्हाच विकत घेतलाय. पिशक माझी बालमैत्रीण. मी तिच्याकडे आले आणि तिच्या परसात तळ्याकाठी उभी राहिले, तर हेमामांची सून चाबुंगबामांच्या पूजेला आली असं कोण म्हणेल? मी तिचा नवा माग बघायला आलेली असेन.

रांजण तळ्याच्या पाण्याने भरून पिशकच्या परसात ठेव. मासे तूच घेऊन ठेव, चांगले दांडगे. मी पूजेच्या पंधरा दिवस आधी येते आणि पुढचं बघते. पूजेआधीचे ते पंधरा दिवस तुला पिबा म्हणून कुंपणाबाहेर जाता येत नाही हे उत्तमच, म्हणजे तू येऊन लुडबुड करणार नाहीस. पिशकला मी लिहिलंय, की हे दुसऱ्याच्या देवाचं काम आहे, नवऱ्यालाही सांगू नकोस. आणि पूजेच्या वेळी माझ्याकडे बघू नकोस, तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

हे विचारत होते एवढे मुरमुरे कशाला. मी म्हटलं, पिशकला आवडतात.

भेटू तेव्हा भेटू. तोवर दोघं एकमेकांवर करवादू नका.

तुझी,
इचे


निंगथौखोंग,
१९ मे १९८६

ती. सौ. इचेस,
शि. सा. न. वि. वि.

तू न भेटता गेलीस याचं वाईट वाटलं, पण परतीची जीप तेवढीच होती असं पिशकने कळवलं. आता ऐक. तू तिकडून पाहिलंस, मी इकडून.

माझे हात इतके कापत होते की पूजा सांगणाऱ्या माइबीने मला दोनदा सांगितलं, मासे आहेत, औषधाची बाटली नाही, हलवू नकोस. मी सोडले. दोघंही एक क्षण माझ्या पायांशी थांबले. याइमा माझ्या मागेच उभा होता, त्याने समाधानाने श्वास सोडलेला मला ऐकू आला. आणि मग ते निघाले. जोडीने, एकमेकांना सोडून न जाता, तळ्याच्या मधोमध, सरळ. मी तुझ्याकडे बघायचं नाही म्हणून आभाळाकडे बघत होतो, पण शेवटी राहवलं नाही. तू ओणवी होऊन मूठ पाण्यावर धरली होतीस आणि ते तुझ्या हाताखाली येऊन थांबले.

बायका ओरडल्या, म्हातारे रडले. याइमाने सगळ्यांदेखत माझे पाय धरले. आता तो म्हणतो, की फरशा काढून इथं आणून लावतो, पंखाही देतो. मेमचाने पंखा ठेवून घे म्हणून सांगितलंय, पण देवासाठी नाही, तिला स्वतःला हवाय.

देव घरात राहिला. मला मात्र चैन नाही. कोपऱ्यापुढे वाकायला गेलो की तुझी मूठ दिसते आणि मुरमुरे दिसतात. आपण आपल्या मूळपुरुषाला मूठभर मुरमुऱ्यांवर वळवला. लोक येऊन माझे पाय धरतात आणि मला पाय ओढून घ्यावेसे वाटतात. मेमचा म्हणते अपचन आहे, पण मी ओवा घेऊन पाहिला. मी ठरवलंय, पुढच्या बैठकीत उभा राहून सगळं सांगायचं. देव गेला तर जाऊ दे, पण खोट्यावर बसवून ठेवणार नाही. तुझं नाव घेणार नाही, निर्धास्त राहा.

कळावे. या भावाला नावं ठेव, पण टाकू नकोस.

तुझा,
कुंजो


जिरीबाम,
३० मे १९८६

चि. कुंजो यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

बैठकीत उभा राहू नकोस. बस. हे पत्र पुरतं वाच आणि मग काय ते कर.

मी पंधरा दिवस आधी आले नाही. निघाले वेळेत, पण वाटेत दरड कोसळली आणि बस डोंगरात अडकली. मी त्या रस्त्यावर किती दिवस काढले ते मोजायचं मी सोडून दिलं. जवळच्या वस्तीतले लोक भात आणून देत, तो पुरेना. मग मी मुरमुऱ्यांची पिशवी उघडली. ड्रायव्हर, एक नवरानवरी, नवरीची आजी, आम्ही सगळ्यांनी मिळून ते खाल्ले. आजीने तर पिशवी उलटी करून झटकली. मी निंगथौखोंगला उतरले ती पूजेच्याच दिवशी सकाळी, तीही लाकडं भरलेल्या ट्रकमधून, रिकाम्या हातांनी.

म्हटलं, पिशकने तरी मासे सांभाळले असतील. ती मला दारातच भेटली आणि रडायला लागली. मी नवऱ्याला सांगू नकोस म्हटलं होतं, तिने इमानाने सांगितलं नाही. आणि तिच्या नवऱ्याला, मणिहारांना, परसातल्या रांजणात दोन दांडगे मरळ दिसले. ते म्हणाले, बायकोने माझ्यासाठी आणलेत आणि सांगत नाही, केवढी माया. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः साफ केले, स्वतः रांधले. फार चवदार होते म्हणे. आता सगळं कळल्यापासून त्या माणसाला पाणी गोड लागत नाही.

म्हणजे तू पूजेत सोडलेले मासे पिशकने त्या दिवशी उजाडता उजाडता बाजारातून आणून रांजणात टाकले होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं. मुरमुरा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पिशक म्हणाली, आता तिथं उभी राहून काय करणार, आत ये, चहा घे. मला काही सुचत नव्हतं. इतक्या लांब येऊन आपला देव जाताना बघायचा, एवढंच नशिबात आहे असं वाटलं. तरी काठाशी गेले. नेसल्या फनेकवर चिखल, केस विस्कटलेले, पोटात काही नाही. बाबांनी सांगितलं होतं तसा हात पुढे केला. तुला दिसली ती मूठ रिकामी होती, कुंजो.

ते येताना मला दिसले. वाटलं, मध्येच वळतील. वळले नाहीत. माझ्या बोटांना त्यांचं तोंड लागलं, तेव्हा मी उघड्यावर, लोकांसमोर, पोरीसारखी रडले. तुझ्या माणसांच्या आरड्याओरड्यात कोणाला ऐकू गेलं नाही तेच बरं. बाजारातले मासे मला ओळखत नव्हते. मग मला ओळखलं कोणी? मी केव्हाच दिली गेलेली लेक. हेमामांच्या चुलीवर माझे केस पांढरे झाले. मला वाटत होतं तिकडे माझं नाव पुसलं गेलं असेल.

तेव्हा तू फसवलं नाहीस, फसवायचा बेत केलास. तो बेत दरडीने, आजीने आणि मणिहारांनी हाणून पाडला. त्यामागे कोणाचा हात होता ते तू कोपऱ्यापुढे बसून विचार. आणि लोक पाय धरायला आले तर धरू दे, तेवढीच ताठ बसायची सवय होईल.

मी इथल्या कुळपुरुषापुढेही वाकले आणि झालं ते सगळं सांगितलं. घसा अजून शाबूत आहे.

मेमचाला आणि पंख्याला आशीर्वाद. चाकौबाला लेकीबाळींना जेवायला बोलावशील तेव्हा मी येणारच, दरड पडो की काही होवो. तुम्हा दोघांवरचा जीव होता तेवढाच आहे, उलट थोडा वाढलाय. जेवणात काय हवं ते कर.

मरळ मात्र करू नकोस. माझ्याने खाववणार नाही.

तुझी,
इचे