मध्यम म्हणजे अडीच मीटर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा कोरड्या आणि अजिबात न हलणाऱ्या जमिनीवरून साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार हे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्याबद्दल विचारत नाही. फोनच केला असता, पण या बेटावरचा एकुलता एक फोन धक्क्यावरच्या तिकीटघरात आहे आणि तिथे रांगेत उभी असलेली माणसं आपल्या बोलण्यात मधूनमधून सुधारणा सुचवतात.

भावोजी शनिवारी संध्याकाळीच घरी पोचले असतील आणि पायातल्या चपला काढायच्या आत त्यांनी सगळी हकीकत सांगून टाकली असेल. त्यातलं निम्मं सोडून दे. शिंपी माणूस, वीतभर कापड हाती आलं तरी त्याचा पायघोळ झगा करून दाखवणार. खरं काय घडलं ते शास्त्रीय पद्धतीने मी सांगतो.

तुला माहीतच आहे, गेली बावीस वर्षं समुद्राच्या हवामानाचं पत्रक मी लिहितो. शांत, किंचित लाटांचा, मध्यम, खवळलेला, अति खवळलेला: एवढ्या शब्दांत पृथ्वीच्या कमरेभोवतीचा सगळा उष्ण समुद्र मी रोज दुपारच्या चहाच्या आत बसवतो. या बावीस वर्षांत मी बोटीत पाऊल ठेवलं नव्हतं, हे भावोजी गेली बावीस वर्षं जेवणाच्या ताटावर बसून लोकांना सांगत आले आहेत. (वैद्यानेही प्रत्येक रोग स्वतः भोगलेला नसतो, हे माझं उत्तर त्यांना कधी पटलं नाही.) म्हणून बेटावरचं वारा मोजायचं यंत्र बंद पडल्याचं कळलं, तेव्हा मी मुद्दाम स्वतः जायचं ठरवलं आणि साक्षीदार म्हणून त्यांना बरोबर घेतलं. पुढच्या सोमवारी अकरा वाजता विभागप्रमुखाची खुर्ची माझी व्हायची आहे. त्या खुर्चीत बसणाऱ्याने समुद्र पाहिलेला असावा, असं मोठ्या साहेबांनी सहज बोलून दाखवलं होतं, याचा या प्रवासाशी काही संबंध नाही.

निघताना भावोजींनी विचारलं, "समुद्र कसा असेल?" मी सांगितलं, मध्यम. आता भावोजींच्या दुकानात मध्यम म्हणजे चाळीस छाती. त्यांना वाटलं, म्हणजे आपल्याला बरोबर बसेल. आमच्या शास्त्रात मध्यम म्हणजे सव्वा मीटरपासून अडीच मीटरपर्यंत लाट, आणि अडीच मीटर म्हणजे तुझ्या माळ्यावरच्या फळीपर्यंत, हे मीसुद्धा तोवर फक्त आकड्यात ओळखत होतो. आम्ही दोघांनी धक्क्यावर तीन-तीन उकडलेली अंडी खाल्ली.

माझा अंदाज अक्षरशः खरा ठरला, हे आधी नमूद करतो. वारा ईशान्येचा, ताशी पंधरा सागरी मैल, जसा लिहिला होता तसा. तुरळक सरी आल्या, त्याही माझ्या बाजूच्याच बाकावर. दृश्यता चांगली, म्हणजे प्रत्येक लाट येताना लांबूनच स्पष्ट दिसत होती. शिवाय आणखी एक लाट होती, हजार मैलांवरच्या कुठल्या तरी वादळाने आठवड्यापूर्वी पाठवलेली, लांब, संथ, पाहुण्यासारखी. ती आली की बोट खालून हळूच उचलली जायची आणि मग बोटीखालून समुद्र काढून घेतल्यासारखी खाली यायची. पत्रकात ही लाट मी शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत टाकली होती.

भावोजींची अवस्था मात्र पाहवेना. भीती लपवण्यासाठी त्यांनी खिशातली सुई काढली, पहिल्याच फटक्यात दोरा ओवला आणि माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत बसले. (ते बटण मी कठडा धरताना तुटलं. कठडा मी फक्त तपासत होतो.) इतका निर्विकार दिसणारा माणूस आतून केवढा हादरलेला असेल, तूच विचार कर.

तीन वर्षांपूर्वी बोटवाल्यांनी आमच्या कचेरीत अर्ज केला होता की 'मध्यम' वाचून माणसं भरपेट जेवून येतात आणि नंतर बोट आम्हाला धुवावी लागते, तरी हा शब्द बदलून 'उचलून आपटणारा' असा करावा. मी उत्तर दिलं होतं: सदर शब्द शास्त्रशुद्ध असून बदलाची आवश्यकता वाटत नाही. ते उत्तर प्लास्टिकच्या वेष्टनात घालून, चार खिळे ठोकून, बोटीत बादलीच्या बरोबर वर लावलेलं आहे. बादलीवर वाकलेल्या माणसाने मान वर केली की समोर तेच. मी ते एकूण सात वेळा वाचलं. पाचव्या वेळी बोटीचा तांडेल सुकाणू न सोडता म्हणाला, "साहेब, खालची सही ओळखीची वाटते का?" माणूस अत्यंत उद्धट आहे, पण बोट उत्तम चालवतो.

असो. भावोजी दुपारच्या परतीच्या बोटीने गेले, मी कामासाठी थांबलो. प्रकृती ठणठणीत आहे. समुद्राविषयीचा माझा आत्मविश्वास पूर्वीपेक्षा वाढला आहे.

तुझा धाकटा

ता. क. यंत्र दहा मिनिटांत सुरू झालं. त्याच्या फिरत्या वाट्यांत पक्ष्याने घरटं केलं होतं.

ता. क. दुसरा. बोट मंगळवारी आणि शनिवारीच असते. आज मंगळवार. समुद्र ताटात वाढलेल्या पाण्यासारखा शांत आहे, आणि माझ्या जागी पत्रक लिहिणाऱ्या सहकाऱ्याने (याला आम्ही होकायंत्र म्हणतो, कारण साहेब जिकडे जातील तिकडे याचं तोंड) तसं ठळक अक्षरांत छापलंही आहे, म्हणजे मला हवामानाचं कारणही देता येत नाही. मघाशी बोटीत चढायच्या फळीवर मी एक पाय ठेवला होता. तो परत घेतला. हे पत्र तांडेलाच्याच हाती देतो आहे; तो वाचणार, याची मला खात्री आहे.

ता. क. तिसरा. सोमवारी अकराला मी खुर्चीपाशी नसलो तर होकायंत्र असेल. तेव्हा शनिवारच्या सकाळच्या बोटीने भावोजींना इकडे पाठव. त्यांनी काही बोलायचं नाही, फक्त परतीला शेजारी बसायचं. सुईदोरा आणावा. मी पुन्हा कठडा तपासणार आहे.

ता. क. शेवटचा. समुद्र कसा असेल, असं ते विचारतीलच. शनिवारचा अंदाज मी पाहिला आहे, मध्यम आहे. तू त्यांना 'शांत' सांग.