पोह्यांबरोबर पुरलेल्या गोळ्या

झुनुताई, तुझ्या नि दाजींच्या पायांवर डोकं ठेवते. तुझे गुडघे कसे आहेत? सुरतेचं पाणी मानवतंय ना? आम्ही तिघी जिवंत आहोत, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

वादळाचा भोंगा फिरला तेव्हा घरात मी, कडेवर टिकी आणि सासूबाई. (टिकीचे बाबा तिकडे तुमच्याजवळ कापडाच्या मागावर.) आपली रीत तुला ठाऊकच, वादळाआधी पोहे-गूळ प्लास्टिकात बांधून पुरायचे, परत आल्यावर खायला. तू फोनवर म्हणालीस, मोलाचं असेल तेही पूर. म्हणून मी सासूबाईंच्या हृदयाच्या गोळ्या पुरल्या. घरात दुसरं मोलाचं होतं काय? (तुला दोष देत नाही. पण म्हणालीस तूच.)

निवाऱ्यात पोचल्यावर आठवलं. बाहेर वारा असा, की दार उघडेना. सासूबाईंची त्यातली लघवीची गोळी चुकली की पाय सुजतात, आडवं पडलं की दम कोंडतो. त्यात मीठ बंद, आणि म्हातारीनं पदरात सुकी मासळी बांधून आणलेली, ती गुपचूप चघळली. सकाळी भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ काळे. म्हणाल्या, "टिकीला एकदा मांडीवर दे."

तेवढ्यात शेजारची बिंदूकाकी उठली. तीच, बदकाच्या अंड्यांवरून भांडण धरलेली. काकांनाही हीच गोळी चालते. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं पाकीट बघून हो म्हटलं, आणि काकीनं अर्धं पाकीट कातरून माझ्या हातात दिलं. "घे. ही मेली तर मी भांडू कोणाशी?"

सासूबाई धापा टाकत म्हणतात, "अंडी माझ्याच बदकाची होती."

मग गोळी लागू पडली. संडास एक, माणसं गावभरची. काकी पुढे ओरडत, "सरका, पाणी येतंय!" अर्धा निवारा जिना चढून वर पळाला. वाट मोकळी झाली. संध्याकाळी सासूबाई आडव्या होऊन झोपल्या. मी काकीचे पाय धरून रडले, तर म्हणते, "सोड ग, मलाही जायचंय."

जगन्नाथानं राखलं, आणि काकीनं.

तुझी सेबती

ता. क. खड्डा सापडत नाही. खूण म्हणून शेवगा धरला होता, तो शेवगाच वाहून गेला. टिकीच्या बाबांना सांग, गावाकडे येणाऱ्याबरोबर गोळ्या लगेच पाठवा. काकीच्याही, काकांना कमी पडतील.

आणखी एक. सासूबाई म्हणतात, काकीच्या सगळ्या परत कर, पण एक मागे ठेव. हिशोब फिटला तर ती भांडायला यायची नाही. मी ठेवणार आहे. मला अजून झोप लागत नाही, त्यांचा श्वास ऐकत बसते. सकाळी काकी अंगणात ओरडायला लागली, की त्यांचाही मोकळा चालतो नि माझाही.