गुरुवारचा टप्पा

सातवा मुक्काम
१२ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, टाच सोडून. डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड आलाय. यात्रेकरूंच्या निवासातल्या सिस्टरनं त्यातून सुईदोरा ओवायला लावला. पंचवीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता स्वतःचं कातडं शिवतेय. वहिनीला सांग, टीप सरळ आली.

कालचा टप्पाही झाला. अठरा किलोमीटर नुसती कापलेली शेतं, सावलीला झाड नाही. चर्चमध्ये यात्रेच्या वहीवर शिक्का घेतला. वहीवर नाव तुझं नि पाय माझे, म्हणून शिक्केवाले बाबा चष्म्यावरून बघतात आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं: पोर मेंदूज्वरात बेशुद्ध होती, भाऊ या यात्रेला चालत येण्याचा नवस बोलला, पोरीनं डोळे उघडले, पण तिला सोडून त्याला निघता येईना.

छकुली आता किती शब्द बोलते ते कळव. तुझा लोभ असाच इथवर पोचत राहो.

तुझी धाकटी,
ठकी


१६ सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनी तुझ्या टाचेवर हसली आणि मग तिनंच डोळे पुसले. दुकानात तीन घड्याळं उघडून ठेवलीत, एकात लक्ष लागेल तर शपथ.

वहिनी तुला कळवू नका म्हणत होती, पण लिहितोच. गुरुवारी, अकरा तारखेला, दुपारी जेवताना छकुलीच्या हातून चमचा पडला आणि तिला पुन्हा झटका आला. दवाखान्यातून घरी आणलंय. पण आलेले शब्द गेले गं. 'आत्या' म्हणायची, तेही गेलं.

आता सगळी भिस्त तुझ्या पायांवर. एकही पाऊल चुकवू नकोस. आमची माया पाठीशी आहेच.

तुझा,
दादा


२० सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टाचेपायी अजून सातव्या मुक्कामीच आहे. तुझं पत्र इथल्या पायरीवर बसून वाचलं.

अकरा तारखेला मी चालले नाही रे. सहा किलोमीटरवर फोड पाझरायला लागला, मोजा रक्तानं चिकटला. तेवढ्यात बस आली. मी हातसुद्धा केला नव्हता, ड्रायव्हरनं आपणहून दार उघडलं. मी चढले. उरलेले बारा किलोमीटर बसून गेले आणि वर तुला टप्पा झाला म्हणून लिहिलं. इकडे मी हुश्श करत होते, तिकडे आपल्या पोरीच्या हातून चमचा पडत होता.

फादरांना सांगितलं. ते म्हणाले, देव बसची तिकिटं तपासत बसत नाही. माझं काही समाधान झालं नाही. उद्या उलटी निघतेय. बस धरली तिथवर मागे जाईन आणि पुन्हा चालेन. टाचेचं व्हायचं ते होवो.

शिव्या घालायच्या तर सातव्या मुक्कामाच्या पत्त्यावर घाल. लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही.

ठकी


२५ सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर नुसता चिडलो होतो. मग वहिनीनं गोळ्यांचं पाकीट समोर ठेवलं आणि विचारलं, यात सहा जास्त कशा?

तू निघालीस त्या दिवसापासून छकुलीची संध्याकाळची गोळी मी बंद केली होती. ती घेतली की पोर पेंगायची, बोलायची नाही. मला वाटलं, नवस फिटतोय, आता गोळी कशाला. झटका आल्यावर गुपचूप पुन्हा सुरू केली. हे सगळं ठाऊक असून तुला लिहिलं, एकही पाऊल चुकवू नकोस. माझी मलाच लाज वाटते.

काल डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. झटका गोळ्या चुकल्यामुळेच आला, असं स्पष्ट म्हणाले. तुझ्या बसचा काही संबंध नाही ठकी. माझ्या शहाणपणामुळे झालं.

मागे गेली असलीस तर असू दे, आता पुढे जाऊ नकोस. बस मिळेल ती धर आणि घरी ये. नवस माझा आहे, ती बरी झाली की मी बघीन. तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

ता. क. शब्द परवापासून परत येतायत. तुझं पत्र मोठ्यानं वाचलं तेव्हा छकुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, आत्याला खिडकी मिळाली का.